चालीत सापडलेला नकार

काकू, सुधीरभाऊ, मंडळातले सगळे ज्येष्ठ, आणि आज आपापली दुकानं बंद ठेवून मनोहरशेठच्या शोकसभेला आलेले देवळीकर, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

खरं तर हे बोलण्याचं काम भाऊरावजींचं होतं. मनोहरशेठचे ते लहानपणापासूनचे मित्र. काल त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "वैशाली मॅडम, तुमीच बोला. मी बोलाले उभा राह्यलो का रडतो, आन् मी रडलो का लोकं हासतात." आयुष्यभर एसटीत कंडक्टर म्हणून ओरडलेला माणूस हे म्हणत होता. म्हणून मी उभी आहे. मला चारचौघांत रडू येत नाही. तो काही गुण नाही. पण त्यामुळे सगळं क्रमानं सांगता येईल, असं वाटतं. मध्येच थांबले तर थांबू द्या.

मला ओळखत नसलेल्यांसाठी सांगते. मी याच गावची, भांडे गल्लीतली. आता सेवाग्रामला दवाखान्यात असते. लकव्याचा झटका आल्यावर, डोक्याला मार लागल्यावर ज्यांची वाचा जाते त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेणं, हे माझं काम. मनोहरशेठना मी काकाजी म्हणत असे. शाळेत असताना आई मला त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कुकरची रिंग आणायला पाठवायची. बाजार बंद असण्याचा दिवस असेल तर शटर अर्धं खाली असायचं. वाकून आत गेलं की पितळेच्या घागरी-गुंडांच्या आणि पराती-डब्यांच्या मधोमध सतरंजी, सतरंजीवर ही सगळी मंडळी, आणि गल्ल्याशेजारी टेप. टेपवर जुनी गाणी. फक्त जुनीच.

तुम्हाला माहीत आहे, मंडळाच्या त्या बैठकीचा नियम काय होता. गाणं सुरू असताना कुणी गायचं नाही. गुणगुणायचं नाही. मांडीवर ठेका धरायचा नाही. डोळे मिटा आणि ऐका. एकदा चंपत टेलरजींनी शेवटच्या ओळीत आवाज मिसळला, तर काकाजींनी टेप बंद केला. म्हणाले, "चंपत, तू गायला का ते गाणं तुयं होऊन जाते. तुयंच ऐकाचं असतं तं मी तुया दुकानात येऊन बसलो नसतो काय?" टेलरजी म्हणाले, "माया दुकानात तू उधारीच्या भीतीनं येत नाई." मग दोघं हसले. गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं.

मी रिंग हातात घेऊन उभी होते. मी विचारलं, "काकाजी, दर आठवड्याले तेच गाणं काऊन लावता?"

ते म्हणाले, "तू पोळी रोज खाते का नाई? तिले इचारलं का कधी, का बाई, आज पुन्हा तूच काऊन?"

मला ते उत्तर पटलं नाही. पोळी पोटासाठी लागते. गाणं कशासाठी लागतं? आणि पोळी रोज नवी लाटतात, गाणं तेच असतं. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ही पोरगी वकील होते." मी वकील झाले नाही. पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. जुनं गाणं टिकतं म्हणजे नेमकं कुठे टिकतं?

मधली वर्षं सोडते. मी शिकून परत आले, सेवाग्रामला लागले. कॅसेटी मागे पडून सीडी आल्या होत्या. मंडळानं त्याही स्वीकारल्या, नियम मात्र तोच. अशातच काकाजींना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, आणि वाचा गेली. ऐकू येत होतं. बरंचसं समजतही होतं. पण तोंडातून एकच शब्द निघायचा. "हो."

पाणी देऊ? हो. पाणी नको? हो. दिवा लावू? हो. विझवू? हो. मधूनच एखादी शिवी मात्र अगदी स्वच्छ निघायची, तीही पूर्ण. काकू पदर तोंडाला लावायच्या. मी म्हणायची, निघू द्या. मेंदूत ठरवून बोलण्याची जागा वेगळी असते. शिवी, देवाचं नाव, एक-दोन-तीन, ही न ठरवता तोंडात येणारी मंडळी वेगळ्या दारानं ये-जा करतात.

ते "हो" मात्र साधं राहिलं नाही. सुधीरभाऊ, मी हे तुमच्यासमोर बोलते आहे, तुमची परवानगी मी सकाळीच घेतली आहे. सुधीरभाऊ पुण्याहून आले. नोकरी तिकडे, मुलांच्या शाळा तिकडे. आईवडिलांना इथं एकटं ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यात गैर काय होतं? त्यांनी वडिलांना विचारलं, "बाबा, पुण्याला येता ना आमच्याकडे?" काकाजी म्हणाले, "हो." "दुकान बंद करू ना?" "हो." "मनापासून ना बाबा?" "हो." तिथं हजर असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. गल्लीत बातमी गेली, शेठ पुण्याले चालले. दुकानातला माल घ्यायला पुलगावचा व्यापारी येऊन पाहून गेला.

एकट्या काकूंना ते पटेना. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. म्हणाल्या, "वैशाली, ह्यायचं हो असं नसते वं. ह्यायचं हो म्हंजे 'पाहू'. लग्न झाल्यापासून मले ठाव हाय. एका दमात हो म्हटलेलं एक काम ह्यायनं अजून केलं नाई. तुमच्याकडं यंत्र असन ना कायचं? लावून पाह्य, हे हो खरं हाय का."

असं यंत्र नसतं. पण तपासण्याची रीत असते. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारायचा. मी सगळ्यांसमोर विचारलं, "काकाजी, तुमचं नाव भाऊराव आहे का?"

"हो."

भाऊरावजी शेजारीच बसले होते. म्हणाले, "मंग मी कोण?"

काकाजी म्हणाले, "हो."

सगळे हसले. सुधीरभाऊ हसले नाहीत. त्यांना समजलं होतं. आपण ज्याला होकार समजलो तो होकार नाही. पण तो नकार आहे, असंही त्यातून ठरत नव्हतं. ते मला म्हणाले, "मग मी समजू तरी काय? बाबांना काय हवं आहे, हे मला कोण सांगणार?" हा खरा प्रश्न होता. मान हलवणंही भरवशाचं नव्हतं. "हो" सोबत ती आपोआप हलायची. मी चित्रांची कार्डं आणली. एकावर घर, एकावर रेल्वे, एकावर ताट. इकडे बोट ठेवा, तिकडे बोट ठेवा. काकाजींनी ती डाव्या हातानं गोळा केली आणि पत्त्यांसारखी सगळ्यांना वाटून टाकली. टेलरजी म्हणाले, "मले रेल्वे आली, उतारी कोनाची?"

मग एका दुपारी काकूंनी रेडिओ लावला. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. काकाजी पलंगावर टेकून बसले होते. आणि ते गाऊ लागले. मुखडा पूर्ण. अंतरा पूर्ण. शब्दांसकट. ज्या माणसाला "पाणी" म्हणता येत नव्हतं तो माणूस विरहाचं आख्खं गाणं म्हणत होता. गाण्याचं नाव मी इथं घेत नाही, कारण ते श्रेष्ठ की त्याच संगीतकाराचं दुसरं, यावरून मंडळात अजून दोन गट आहेत. काकूंच्या हातातली मेथी खाली पडली. सुधीरभाऊ धावत आले. "बाबा बोलले! बाबा बरे झाले!" गाणं संपलं. सुधीरभाऊंनी विचारलं, "बाबा, कसं वाटतं?" काकाजी म्हणाले, "हो."

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. गाणं फक्त मेंदूच्या डाव्या बाजूच्या बोलण्याच्या जागेवर अवलंबून नसतं. पण पुस्तकात वाचणं आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून ऐकणं यांत फरक आहे. लहानपणीचा माझा प्रश्न होता, जुनं गाणं कुठे टिकतं. मला जागा दिसत होती. अगदी समोर, पलंगावर.

अशा रुग्णासाठी एक पद्धत आहे. त्याच्यासोबत गायचं, डाव्या हातानं ठेका धरायला लावायचा. मग हळूहळू चाल तीच ठेवून आपल्याला हवे ते शब्द त्यात बसवायचे. त्यासाठी सोबत गाणारी माणसं हवीत. त्यांच्या वयाची, तीच गाणी येणारी. अशी माणसं कुठे असणार? मी मंडळाला बोलावलं.

मंडळ आलं. सतरंजी टाकली. मी गाणं लावलं. काकाजी गाऊ लागले. आणि मंडळानं काय केलं? डोळे मिटले आणि ऐकत बसलं. सगळेच्या सगळे, भक्तिभावानं. मी गाणं थांबवलं. म्हटलं, अहो, तुम्ही गायचं आहे. कुणी हलेना. शेवटी भाऊरावजी म्हणाले, "मॅडम, शेठ समोर बसून हायेत. त्यायच्या समोर गायचं कसं? शिव्या देतीन ना ते."

मी म्हटलं, "द्या म्हणावं. शिवी आली तरी माझं काम पुढे सरकेल."

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मंडळी, आता सांगायला हरकत नाही, नियम का होता ते मला त्या दिवशी कळलं. भाऊरावजींचा आवाज बसथांब्यासाठीच होता. टेलरजी दोन मात्रा पुढे. काकाजींनी रागानं डावीकडच्या स्टीलच्या डब्यावर बोटाचं पेर मारलं. गिऱ्हाईकासमोर भांडं वाजवून पारखताना मारायचे, तसंच. टण्ण. मी म्हटलं, हेच हवं होतं. ठेका यावरच धरा. पुढे तो डबा रोज उपडा घालून ठेवत असू.

या दिवसांत एक गोष्ट झाली, ती नोंदवते. आवडीची गाणी आठवणारच, असं सगळे म्हणत होते. मी तपासून पाहिलं. काकाजींना मनापासून न आवडणारं एक जुनं गाणं होतं. त्या काळी लग्नांच्या मांडवात, हॉटेलांत, भोंग्यावर सतत वाजलेलं. मंडळात ते लावायला बंदी होती. मी ते लावलं. काकाजींनी तोंड वाकडं केलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि सगळं गाणं म्हटलं. एकही शब्द न सोडता. चिडून, पण सुरात. टेलरजी हसून हसून सतरंजीवर आडवे झाले. मग मी माझ्या कॉलेजच्या काळातलं, तेव्हा खूप गाजलेलं गाणं लावलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओठ हलले नाहीत.

म्हणजे काय? म्हणजे आवड हे टिकण्याचं कारण म्हणून पुरत नाही. चांगलं म्हणून टिकलं, असंही सरळ म्हणता येत नाही. एका वयात, चार माणसांत, मागून-न-मागता कानावर पडलेलं गाणं आत उतरतं. तेव्हा गल्लीत दोन-तीन रेडिओ होते, गाणं कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं. त्यामुळे असेल का? मला ठाऊक नाही. एका माणसावरून नियम बनवता येत नाही. काकाजींना बोलता आलं असतं, तर त्यांनी मला उत्तर दिलं असतं. पटलं नसतं, पण दिलं असतं.

पुढे शब्द बसवायची वेळ आली. मुखड्याच्या शेवटी चाल खाली येऊन थांबते, तिथं मी दोन जोड्या बसवल्या. "हो रे" आणि "नाई रे". भाऊरावजींनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, 'नाई रे' तेवढं पक्कं करा. 'हो' त्यायले येतेच." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना काय वाचवायचं होतं, ते मला कळत होतं. दुकान गेलं असतं, बैठक गेली असती, मित्र गेला असता. पण फक्त नकार शिकवला असता, तर तो नकार काकाजींचा झाला नसता. आमचा झाला असता. म्हणून "हो रे" जितका वेळ, "नाई रे"ही तितकाच वेळ. भाऊरावजी "हो रे" म्हणताना आवाज मुद्दाम पाडायचे. मी त्यांना परत म्हणायला लावायची.

आठवडे गेले. मग एक दिवस मी गाऊन विचारलं, तुमचं नाव भाऊराव का? डब्यावर पेर वाजलं. "नाई रे." तुमचं दुकान भांड्यांचं का? "हो रे." भाऊरावजी कंडक्टर का? "हो रे." टेलरजी चांगले गातात का? "नाई रे, नाई रे." हे दोनदा त्यांनी स्वतःच म्हटलं. पुढच्या भेटीतही उत्तरं चुकली नाहीत. त्याच्या पुढच्याही. तेव्हा मी सुधीरभाऊंना पुण्याहून बोलावलं. म्हटलं, आता विचारा. पण चालीत विचारावं लागेल.

सुधीरभाऊ म्हणाले, "मी बाबांसमोर कधी गायलो नाही." काकू म्हणाल्या, "इथं कोन गायलं होतं रे?"

त्यांनी गाऊन विचारलं. एरवी पुण्याचं बोलणारे सुधीरभाऊ गाताना गल्लीतलं बोलले. "बाबा, चालता का पुण्याले?"

काकाजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. हात डब्यावर होता, पण डबा वाजवला नाही. मग पेर वाजलं.

"नाई रे."

एका उत्तरावर मी थांबत नाही. मी सुधीरभाऊंना खूण केली, प्रश्न उलटा विचारा. त्यांनी चालीत विचारलं, "बाबा, राह्यता का देवळीले?"

"हो रे."

सुधीरभाऊ माझ्याकडे वळले. म्हणाले, "सायकल मागितली, कॉलेज मागितलं, पुणं मागितलं. मला बाबा कधीच नाही म्हणाले नव्हते." काकू म्हणाल्या, "तुले म्हणत नव्हते. मले म्हणत होते." आणि त्या चहा ठेवायला उठल्या. सुधीरभाऊंनी त्याच संध्याकाळी पुलगावच्या व्यापाऱ्याला फोन करून माल विकायचा नाही म्हणून कळवलं. वडिलांना इथं ठेवायची सोय केली, बाई लावली, दर महिन्याला येत राहिले. नकार ऐकून घेणं सोपं नसतं. त्यांनी तो गाऊन मागितला आणि पाळला. हे आज सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे, म्हणून सांगते.

आता शेवटचं. एकदा "नाई" हाती आल्यावर काकाजींनी तो भरपूर वापरला. खिचडी? नाई रे. गोळी? नाई रे. काकू मला म्हणाल्या, "हे काय शिकवून ठेवलं वं तू!" मला मात्र पुढे जायचं होतं. चालीतून "पाणी", चालीतून "दुखते", मग चाल काढून टाकून नुसतं बोलणं. माझ्या मनात सगळा क्रम तयार होता. मी डबा पुढे केला आणि गाणं सुरू केलं. काकाजींनी माझा हात धरून थांबवला. डब्यावर ठेका नाही. चाल नाही. साध्या आवाजात, अडखळत, म्हणाले, "नाई... पोरी."

"पोरी" आम्ही शिकवलं नव्हतं. तो शब्द चालीत कुठेच नव्हता. इतके महिने मी ज्याची वाट पाहत होते ते, चालीशिवायचं, स्वतःचं, नवं बोलणं मला मिळालं होतं. आणि त्याचा अर्थ होता, आता पुरे.

मी उलटा प्रश्न विचारला. थांबू या? त्यांनी सांगितलं, "हो." या वेळी ते "हो" खरं होतं. कसं कळलं, हे मला नेमकं सांगता येणार नाही, आणि मला असं म्हणायची सवय नाही. मी माझी कार्डं पिशवीत भरली. त्यानंतर मी आले ती पाहुणी म्हणून. सतरंजीच्या कडेला बसायची, ऐकायची. आणखी सराव केला असता तर ते किती बोलले असते, हे मला कधीच कळणार नाही. ही उत्सुकता आहे. ती राहील.

गेल्या आठवड्यात ते गेले. त्यांनी निवडलेल्या गावात, त्यांच्या घरात, काकूंच्या शेजारी.

मंडळी, काकाजी आधी गप्प झाले ते आजारानं. तेव्हा कुणीही त्यांच्या वतीनं बोलू शकत होतं. नंतरचं गप्प राहणं त्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि त्यात आपण कुणी काही भरायला गेलो नाही. आता आपण सगळे उभे राहू या. जरा वेळ बोलणं बंद ठेवू या. त्यांच्या वतीनं कुणी काही म्हणू नका.

काकाजी, नमस्कार.